आईनं घोकलेलं वाक्य

दवाखान्यात नंबर यायची वाट बघून अंग आंबून गेलं होतं. कुणीतरी फिल्टर कॉफी घेऊन शेजारून गेलं, आणि त्या वासासरशी मला इथल्याच, बंगळुरातल्या बसवनगुडीतलं आमचं स्वयंपाकघर आठवलं.

साल छप्पन-सत्तावन्न असेल. आम्ही साताऱ्याहून नुकते आलो होतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आई कॉफी गाळता गाळता चार दिवस एकच कन्नड वाक्य घोकत होती. शेजारच्या अक्कांच्या दारात ती दोन शब्द बोलली आणि अडखळली. मी सात वर्षांची, गल्लीत खेळता खेळता कन्नड शिकलेली. तिचं वाक्य मीच एका दमात म्हणून टाकलं. अक्कांनी कौतुकानं माझा गालगुच्चा घेतला. आई नुसती हसली. पुढं कुठल्याही दारात ती मलाच पुढं करायची, "तूच सांग गं." मला तो माझा मान वाटायचा.

आजच्या डॉक्टरांना कन्नड येत नव्हतं. मी सावकाश इंग्रजीत सुरुवात केली.

"आजी, थांब, मी सांगते," म्हणत नातीनं सगळं भराभर सांगून टाकलं.

मी नुसती हसले. सकाळपासून घोकत होते.