कन्यादानाचं पाणी

सोलापुरात आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहत. त्यांना कंपवात होता. रोज सकाळी ओट्यावर घोंगडी टाकून ते आसनं करत, मग सावकाश श्वास घेत बसत.

"कंप गेला का?" असं मी विचारलं, की म्हणत, "तो आहे की! पण उंबरठ्याशी पाय पूर्वीइतका अडत नाही."

मुलीच्या लग्नात कन्यादानाच्या वेळी त्यांचा हात फार थरथरू लागला. धाकटा भाऊ पुढे झाला. "दादा, पाणी मी सोडतो."

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली आणि डोळे मिटून लांब श्वास घेतले. भटजी खोळंबले, मांडवात कुजबुज झाली. मग त्यांनी पाणी सोडलं. हात थरथरत होताच. निम्मं पाणी जावयाच्या उपरण्यावर सांडलं.

"भिजलात, जावईबापू," मास्तर म्हणाले, "पण पोरगी मीच दिली."