मड्डमेच्या मरणाला वन्समोर

खरी गोष्ट सांगायची मी आजवर टाळत आलो. खोटी मात्र शहापुरातल्या प्रत्येक लग्नमांडवात सांगितली आणि लोकांना हसवून जादा जिलेबी मिळवली. 'मड्डमेला नाटक येत नव्हतं, म्हणून आम्ही तिची फजिती केली,' अशी ती गोष्ट. आता दात गेले. जिलेबीही गेली. खोटं बोलून फायदा उरला नाही.

लढाईचे दिवस होते. बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या सोल्जरांसाठी इंग्रजी नाटकं होत. त्यांतली मुख्य बाई एका मेजराची बायको. लग्नाआधी ती लंडनच्या रंगभूमीवर कामं करायची. साहेबानं इथे आणून तिला चहापार्ट्यांना जुंपली होती. सूत मिळेना, माग बंद पडलेला, म्हणून मी तिथे पडदा ओढायला लागलो. विणकराला दोर समजतो, एवढीच माझी लायकी.

एका खेळाला मुंबईचा विलायती नाटक कंपनीवाला तिचं काम बघायला येणार होता. पसंत पडलं तर कंपनीत जागा, आणि लढाईनंतर परत लंडनची रंगभूमी. तिनं मला मोडक्या हिंदुस्थानीत बजावलं, "हम मरेगा, परदा गिराओ. घंटी बजने तक उठाना नहीं."

"जी मेमसाब," मी म्हटलं.

खुर्च्यांच्या मागे आमच्यासारख्यांना उभं राहायची मुभा होती. तिथे निपाणीहून आलेला माझा मेव्हणा होता. काम तंबाखूच्या वखारीत, जीव संगीत नाटकात. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण तोंड उघडं ठेवून बघत होता.

शेवटी बाई विष पिते. खुर्चीचा हात धरून ती हळूहळू खाली आली. हातमोजा काढायला गेली, तो अर्धाच निघाला आणि ती गेली. मी पडदा टाकला.

"वन्समोर!" मागून मेव्हणा गरजला. मग बटलर, धोबी, मोतद्दार, सगळेच. "वन्समोर! वन्समोर!"

आमच्याकडे वन्समोर आला की पडदा वर जातो. मेलेला राजा उठतो, पद पुन्हा म्हणतो आणि पुन्हा मरतो. त्यात कुणाला काही वाटत नाही, राजाला तर मुळीच नाही. घंटी वाजली नव्हती, हे मला ठाऊक होतं. तरी मी दोर ओढला.

मड्डम उठून बसली होती. केसांचा टोप मांडीवर, आणि डास चावलेली मान ती कराकरा खाजवत होती.

गोरे खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसले. मुंबईचा साहेब डोळे पुसत होता.

मेव्हणा कळवळून ओरडला, "मरा की बाई परत! लई झ्याक मेलासा!"

ती टोप छातीशी धरून आत निघून गेली.

बाहेर आल्यावर मेव्हण्यानं विचारलं, "दाजी, त्ये गोरं हसलं कशापायी? बाईनं तर रडिवलं की."

"गप बस रं! तुझ्या ओरडण्यानंच तिचं वाटोळं झालं," मी म्हटलं. दोर मी ओढला होता, हे तेवढं गिळलं.

कंपनीनं दुसरीच बाई घेतली. पुढे मेजराची बदली झाली, तेव्हा मी घरच्या मागावरचं एक लुगडं घेऊन बंगल्यावर गेलो. माफी मागायची होती. ती ट्रंकेवर बसली होती. तिनंच आधी विचारलं, "पीछे का लोग चिल्लाया. हम इतना खराब मरा?"

"रस्सी छूट गया, मेमसाब," मी म्हटलं.

दोर सुटला तर पडदा खाली येतो, वर जात नाही. हे तिलाही कळत होतं. तिनं लुगडं घेतलं, "थँक यू" म्हणाली आणि ट्रंक भरू लागली.

पुढे तिच्या जुन्या खानसाम्याकडून कळलं की विलायतेत ती टीव्हीवर दिसते. चहाचा ट्रे आणते, ठेवते, जाते. मरायचं काम कुणी देत नाही. तिचा पत्ताही त्याच्याकडे होता. मी तो मागितला नाही.

बाई, दोर सुटला नव्हता, मी ओढला. मागचे लोक ओरडले ते तुम्ही पुन्हा मरावं म्हणून. इतकं सुरेख मरण आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. मला माफ करा.