माझा हज माझ्या पायांनी

इस्त्रीवाल्या खालाला गुडघ्यांबद्दल विचारलेलं खपत नसे. गुडघे दुखत होते, ते काय लपून राहणार होतं? टेबलाच्या कडेवर डावा हात रेटून ती उभी राहायची, तेव्हा समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या पोरीलाही कळायचं. पण तोंडावर विचारायची कुणाची टाप नव्हती. एकदा एका वकिलाने विचारलं. "माझे गुडघे सोडा, तुमच्या कोटाचा खांदा उसवलाय, तो बघा आधी," असं म्हणून तिने त्याला वाटेला लावलं.

सदतीस वर्षं ती त्या टेबलामागे उभी होती. आधी नवऱ्याच्या शेजारी, मग एकटी. कोळशाची इस्त्री होती तेव्हा निखारे फुंकून डोळे लाल व्हायचे. विजेची आली तेव्हा नवरा म्हणाला, "आता सुटलीस." सुटली कसली डोंबलाची! कपडेच दुप्पट यायला लागले.

नवऱ्याला हजला जायची फार ओढ होती. पण दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. मुलाला नोकरी लागू दे, त्याचं लग्न होऊ दे, छपराचं काम उरकू दे. खाला म्हणायची, "अहो, ऐपत आहे, अंगात ताकद आहे, वाट सुरक्षित आहे. मग फर्ज आहे ते उद्यावर कशाला?" तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." आणि पुढचं वर्ष लागायच्या आत दोन दिवसांच्या तापात गेला बिचारा. विधवेचे घरात काढायचे चार महिने दहा दिवस संपले, त्या दिवशी खालाने दुकान उघडलं आणि मनाशी पक्कं केलं की आपण असं उद्या-उद्या करत मरायचं नाही.

एकुलता एक मुलगा पोस्टात शिक्के मारायचा. मुलगा गुणी, शब्दाला जपणारा, पण भित्रा म्हणजे किती भित्रा! गॅस बंद केलाय ना, हे बघायला बसस्टॉपवरून परत यायचा. बाप गेल्यापासून तर आई शिंकली तरी हा डॉक्टरकडे धावायचा. त्याने हजच्या गटात नाव घातल्याचं सांगितलं, तेव्हा खाला धरून चालली की दोघांची नावं असणार. बाईबरोबर महरम हवा, म्हणजे नवरा नाहीतर ज्याच्याशी तिचं लग्न होऊच शकत नाही असा जवळचा पुरुष. नवरा नाही, मग मुलगा. सरळ गोष्ट होती. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

हजला निघायच्या आधी सगळं शिकवतात. शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी वर्ग भरायचा. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध काळी चादर घातलेली पाण्याची मोठी टाकी. ती काबा समजून तिच्याभोवती सात फेरे मारायचे. शिकवणारे उस्ताद शांत माणूस. पुरुषांनी बिनशिवलेल्या दोन चादरी कशा नेसायच्या, इहराम, म्हणजे हजचं व्रत, बांधल्यावर सुगंध नाही, नखं कापायची नाहीत, शिकार नाही, हे सगळं ते पुन्हा पुन्हा सांगायचे. त्या दिवशी म्हणाले, "आणि भांडण अजिबात नाही. हजमध्ये भांडणाला जागा नाही."

खालाची सून तिच्याबरोबर आली होती. ती कानात पुटपुटली, "अम्मा, मग तुमचं कसं व्हायचं?"

"गप्प बस गं," खाला म्हणाली, पण तिलाही हसू आलं.

उस्तादांनी यादी काढली. "यात एक बदली हज दिसतोय. दुसऱ्याच्या वतीने जाणाऱ्याचे नियतचे, म्हणजे संकल्पाचे, शब्द वेगळे असतात. कोण आहे तो?"

पुरुषांच्या बाजूला एक हात खांद्यापर्यंत वर आला आणि तिथेच अडकला. खालाने मान उंच करून पाहिलं. हात तिच्याच मुलाचा होता.

"कुणाच्या वतीने?" उस्तादांनी विचारलं. "वडील वारलेत ना तुमचे?"

"नाही, म्हणजे हो, वारलेत. पण हा आईच्या वतीने."

"आई अंथरुणाला खिळलेल्या आहेत का?"

"गुडघे दुखतात तिचे," मुलगा खाली बघत म्हणाला. आणि मग बायकांच्या बाजूने खुर्ची करकरली.

"मीच ती अंथरुणाला खिळलेली," खाला उभी राहून म्हणाली. "नीट बघून घ्या. टाकीभोवती सात फेरे मारून आत्ताच बसले होते."

सुनेने कपाळावर हात मारला. दोन-चार बायका खुदकन हसल्या. खालाच्या डोळ्यांत मात्र पाणी तरारलं होतं, आणि त्याचा तिला आणखी राग आला.

"अम्मा, घरी बोलू," मुलगा म्हणाला.

"घरी कशाला? इहराम बांधल्यावर भांडायचं नाही ना? अजून बांधलेला नाही. आज मी मोकळी आहे. उस्ताद, तुम्ही सांगा. मी चालतीबोलती असताना माझा हज हा करू शकतो?"

उस्तादांनी चष्मा काढून पुसला. "नाही, खाला. जो स्वतः जाऊ शकतो, त्याचा फर्ज दुसऱ्याने फिटत नाही. बदली हज असतो तो गेलेल्यासाठी, नाहीतर कधीच बरा न होणाऱ्या आजाऱ्यासाठी." मग ते मुलाकडे वळले. "आणि भाई, तुमचा स्वतःचा हज झालाय?"

"नाही."

"बरेच विद्वान म्हणतात, आधी स्वतःचा करा, मग दुसऱ्याचा."

"झालं!" खाला म्हणाली. "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं करायला निघायचं!"

मुलाचे कान लाल झाले. गरीब माणूस कोपऱ्यात सापडला की कधीकधी नको ते बोलून जातो, तसं त्याचं झालं. "मग मी जातच नाही. महरम म्हणूनही येणार नाही. बघू ही एकटी कशी जाते ते!"

हे मात्र खालाला लागलं. ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. ज्याला बोट धरून चालायला शिकवलं, तो आज वाटेत आडवा झोपला होता. तिने आवाज उतरवला. "उस्ताद, आता?"

"याबाबत दोन मतं आहेत," उस्ताद सावकाश म्हणाले. "काहींच्या मते महरमशिवाय बाईने निघूच नये. काही म्हणतात, फर्ज हजसाठी भरवशाच्या बायकांची सोबत पुरते. सरकारी नियमातही तुमच्या वयाच्या बाईला अशी मुभा आहे. आपल्या गटात अकरा बायका आहेत आणि एक जागा रिकामी आहे. कुणाचं मत मानायचं, ते तुम्ही ठरवा."

"ज्या मतात मी जाते, ते," खाला म्हणाली. "अर्ज द्या इकडे."

आणि तिने तिथल्या तिथे सही ठोकली. मुलाचं नाव उस्तादांनी खोडलं नाही. "शनिवारी यादी पुढे जाते," ते म्हणाले. "तोवर बदलीचं स्वतःचं करायचं असेल तर या."

त्यानंतर घरात माय-लेकांचं बोलणं बंद. सून मधल्या मध्ये टपालासारखी फिरायची. "अम्मा, ते विचारतायत, गोळी घेतली का?" "त्याला सांग, गोळी घेतली, आणि बंदुकीची असती तरी पचवली असती!"

निघण्याआधी आणखी एक काम असतं. ज्याचं मन दुखावलं असेल, ज्याचं नुकसान केलं असेल, त्याच्या दारात जाऊन माफी मागायची. खालाने दुपारी एक तास दुकान बंद ठेवायला सुरुवात केली आणि गल्ली पालथी घातली. डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "तुमच्या रेशमी ओढणीचा काठ उंदराने कुरतडला, असं मी सांगितलं होतं. उंदीर नव्हता, मी होते. जळला माझ्या हातून." डॉक्टरीणबाई हसून हसून बेजार. रिटायर्ड गणिताचे मास्तर मात्र घुश्शात बसले. "तुम्ही जाळलेल्या त्या पँटला एकवीस वर्षं झाली, मी विसरलेलो नाही."

"तेच सांगायला आलेय, आता विसरा," खाला म्हणाली. "नाही तर आत्ता बसते तुमच्या उंबऱ्यात, आणि माझे गुडघे दुखतात, उठायला वेळ लागतो." मास्तरांनी माफ केलं. गुडघे दुखतात, हे ती जन्मात पहिल्यांदा बोलली होती, तेही कामापुरतं.

शुक्रवारी दुपारी मुलगा दुकानात आला. पोस्टाचा शर्ट अंगात, बोटांना शाई. टेबलाच्या अलीकडे उभा राहिला, गिऱ्हाईक उभं राहतं तसा.

"तू सगळ्यांकडे गेलीस. माझ्याकडे आली नाहीस."

"तुझं काय जाळलंय मी?" खाला कॉलर उलटवत म्हणाली.

त्याने टेबलावरची एक घडी उगाच सरळ केली. मग म्हणाला, "अब्बा गेले तेव्हा मी कामावर होतो. पोचलो तर चादर घातलेली. तिथे एवढी गर्दी, एवढं ऊन. तू पडलीस, हरवलीस तर? तुझ्या गुडघ्यांचं नुसतं निमित्त होतं, अम्मा. भीती माझी मला वाटते. तू नसलीस तर मी काय करू?" आणि एवढा बाप्या माणूस शाईच्या बोटांनी डोळे पुसायला लागला.

तिने इस्त्री उभी करून ठेवली, टेबलाला वळसा घालून आली आणि पदराने त्याचा गाल पुसला. शाई आणखीच पसरली.

"वेड्या, मरण यायचं तर ते या टेबलाशीही येईल. पण वर गेल्यावर मला विचारलं, का नाही आलीस, तर काय सांगू? मुलगा घाबरत होता?"

"मला माफ कर," तो म्हणाला.

"नाही करत."

त्याने चमकून पाहिलं.

"इथे नाही करत. सगळ्या दुनियेची माणसं माफी मागायला अरफातच्या मैदानात जमतात, तिथे मागायची. हजच्या महिन्याच्या नवव्या तारखेची दुपार. मी तिथे असणारच आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. पाहिजे असेल माफी तर ये. आणि हे बघ, स्वतःच्या नावाने ये. बदली माणसाला मी माफ करत नाही."