टाकीला पेढे

"मॅडम, ह्या बाईला आजच घरी पाठवतो. हिनंच टाकी मारली."

मी अजून हेल्मेटही काढलं नव्हतं. शिर्डीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलचे मालक, दादासाहेब, गेटवरच सुरू झाले. मागे मंगलबाई, हातात बादली, मान खाली. किचनमधलं खरकटं बायोगॅसच्या टाकीत घालायचं काम तिचं. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर हिच्या पगारावर. प्लांट मी बसवलेला, म्हणजे तो बंद पडला की माझंही नाक कापलंच.

टाकीचं झाकण उघडलं आणि मीच मागे सरले. चांगल्या टाकीला शेणासारखा वास येतो. हिला कुणी ताकात मोजे भिजवून विसरल्यासारखा येत होता. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, सातच्या आसपास हवा. आकडा जितका कमी तितकं आंबट; इथे तो साडेपाचवर आलेला.

"गॅस येतो का?"

"येतोय. पन काडी लावली की पेटतच न्हाई," मंगलबाई म्हणाली.

"म्हणजे जंतू मेले," दादासाहेबांनी निकाल दिला.

"मेले नाहीत, काही तर नको तेवढे माजलेत. ऊसतोडीची टोळी बघितली ना तुम्ही? एक तोडतो, दुसरा मोळी बांधतो, तिसरा ट्रक भरतो. टाकीत तेच. पहिले जंतू अन्न तोडतात, दुसरे त्याचं आम्ल करतात, तिसरे ते आम्ल संपवून मिथेन बनवतात. तुमचा बर्नर त्या मिथेनवर पेटतो; बाकीचा वायू पेटत नाही. आणि एकाचं काम दुसऱ्याला येत नाही. त्यात हे तिसरे म्हणजे सरकारी कचेरी. आधीच सावकाश, त्यात जरा आंबट झालं की काम बंद."

"मग त्यांना हाकला की. दुसरे आणा."

मालक माणसाला प्रत्येक दुखण्यावर हेच एक औषध ठाऊक असतं.

"त्यांचा काय दोष? कुणीतरी गोड चारलंय. गोड मिळालं की पहिले दोघे सुसाट सुटतात आणि सगळं आम्ल तिसऱ्याच्या डोक्यावर." मी खरकटं घालायच्या पाइपात काठी फिरवली. पेढे निघाले, बुंदीचे लाडू निघाले. एक तर खोक्यासकट होता.

"मंगलबाई, हे कुणी घातलं?"

तिनं बादली या हातातून त्या हातात घेतली.

"बघा, तोंडाला कुलूप," दादासाहेब म्हणाले. "चल, हिशेब करून टाकू तुझा."

"मी सांगितलं तिला." दादासाहेबांच्या आई काउंटरवरून उठून आल्या होत्या. "गिऱ्हाईक खोलीत परसाद टाकून जातंय. उकिरड्यावर टाकू का मी? टाकीत गेला तर चुलीला तरी लागंल. ही नको म्हनत हुती, मीच दटावली."

"आई, तू मधी नको पडू."

"का? काढतोस ना कामावरनं? मग मला काढ."

दादासाहेब टाकीकडे वळले. पण माघार घेतील तर मालक कसले. "बर्नर पेटला तर ठेवतो हिला," ते म्हणाले.

मी उपाय सांगितला: टाकीला उपास. आंबटपणा मारायला थोडा चुना, आणि शेजारच्या गोठ्यातल्या चालू टाकीतली स्लरी, जंतूंनी भरलेला शेणकाला, म्हणजे टोळीतल्या तिसऱ्यांना ताज्या दमाची माणसं.

"टाकीला उपास?"

"तुम्ही गुरुवारी धरता तसाच. फक्त हिला साबुदाण्याची खिचडी चालणार नाही."

प्रसादाचं ताट रिसेप्शनवर ठेवायचं ठरलं. ते भराभर संपायला लागलं. माणसांना गोड झेपतं, टाकीला नाही.

दोन गुरुवार गेले तरी बर्नर फुसफुसतच होता, आणि खरं सांगते, मला धडकी भरली होती. तिसऱ्या गुरुवारच्या सकाळी बर्नरनं निळी ज्योत धरली. दादासाहेब खूश. "चहा टाक," मंगलबाईला म्हणाले.

तिनं पातेलं हातात घेतलं, पण ठेवलं नाही. "आधी सांगा. उद्या येऊ का?"

"येऊ का म्हंजे? टाकीला खायला कोन घालनार, मी?"

तेव्हा कुठे पातेलं बर्नरवर गेलं.

आता कुठलीही टाकी आंबली की मी पीएच नंतर मोजते. आधी विचारते, घालणाऱ्याला हुकूम कुणाचा होता. जंतू बिचारे आपापलं काम सोडून दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नाहीत.