कटरमास्तरांचा आठवा आकडा

कपड्यांच्या कारखान्यात कटरमास्तरांचा हात छत्तीस वर्षं कात्रीवर बसला आहे. जेवणाच्या सुट्टीत मात्र त्यांच्या हातात पेन्सिल असते. जुन्या मापांच्या खाकी कागदाच्या पाठीवर गेली दोन वर्षं ते एक संख्या वाढवत आले आहेत.

सुरुवात सातपासून. सात ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. शेवटी तीन जोडला, त्र्याहत्तर. तीही मूळ. मग ७३९, ७३९३, असं करत सात आकडी ७३९३९१३.

"शेवटून कितीही कापा, उरलेला तुकडा उसवत नाही," मास्तर सांगतात.

आठव्या आकड्याला गाडं अडलं. सम आकडा किंवा पाच चालतच नाही. एक किंवा सात ठेवला की तीनने भाग जातो, नऊ ठेवला की त्र्याऐंशीने. उरला तीन : ७,३९,३९,१३३. तोही गेला तर साखळी तिथेच संपणार. खात्री करायची तर एकेका मूळ संख्येने भागून पाहायचं; हजाराहून जास्त भागाकार, रोज दहा.

"बाबा, फोन क्षणात सांगेल," सकाळी डबा हातात देताना मुलगी म्हणाली.

"मग डबाही फोनलाच दे."

आठव्या दिवशी ३६७ ने भागलं आणि बाकी शून्य आली. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

त्यांची बायको त्याच कारखान्यात काजं-बटणं करते. "अहो, जेवला नाहीत?"

"संपलं. तीनशे सदुसष्टने गेली."

"आणा इकडे."

मूळ संख्येशी तिला देणंघेणं नव्हतं; पण सुटलेला टाका तिच्या नजरेतून सुटत नाही. तिचं बोट कागदावरून खालून वर सरकलं आणि थांबलं.

"तीनशे सदुसष्ट नव्वे किती लिहिलंत?"

"तीन हजार तीनशे तेरा."

"सात नव्वे त्रेसष्ट. हातचे किती?"

"सहा."

"तुम्ही सात धरलेत. जास्तीचा एक काय माझ्या वडिलांनी दिला?"

मास्तरांनी पुन्हा मांडलं. तीन हजार तीनशे तीन. बाकी दहा. "दहा उरले," ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की पलीकडच्या दोन मशीन थांबल्या.

त्या दिवसापासून प्रत्येक हातचा बायकोच्या बोटाखालून गेला. साडेतीन महिन्यांनी शेवटचा भागाकार आला, ८,५९७ ने. त्यापुढच्या मूळ संख्येचा वर्गच या संख्येहून मोठा होतो, म्हणून पुढे भागायची गरज नाही. मशीनवरच्या बायका डबे उघडे टाकून टेबलाभोवती आल्या. भागाकार ८,६००. बाकी ४,९३३. संख्या टिकली.

"झालं ना आता?" बायकोने विचारलं.

"नववा आकडा," मास्तर म्हणाले. कोरा कागद त्यांनी आधीच ओढला होता. "एक आणि सात पुन्हा तीननेच जातात."

"म्हणजे तीन आणि नऊ उरले." तिने खडूच्या डब्यातून दुसरी पेन्सिल उचलली. "नऊ माझा. तुम्ही तीन घ्या, आणि हातचे नीट धरा."