हरीदादाचा टॉवर

माझा चुलत भाऊ हरिश्चंद्र घरात बसून विमानं उतरवतो, आणि ती उतरेपर्यंत मला जेवायला मिळत नाही. माझी चिडचिड कुठून सुरू होते ते एवढ्यावरून कळेल. मी सडाफटिंग माणूस. लांज्याच्या अलीकडे आमचं गाव, दोघांच्या घरांत एकच भिंत, आणि माझं दोन वेळचं ताट त्याच्या बायकोच्या, सावित्रीवहिनींच्या हातचं.

हरीदादाने मुंबईत फोर्टातल्या एका इमारतीत उभा जन्म लिफ्ट चालवली. लिफ्टमनला बोलावं लागत नाही. माणूस आत येतो, बोटं दाखवतो, आणि दादा बटण दाबतो. निवृत्त होऊन गावी आल्यावर तो घरातही बोटंच दाखवायचा. दोन बोटं म्हणजे दोन भाकऱ्या. वहिनींना त्याची सवय झाली, मला कधीच झाली नाही.

अडचण अशी, की शिमग्यातल्या गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराण्याकडे आहे. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर येऊन बसली, की आमच्या घरच्या कर्त्या माणसाने हातात नारळ धरायचा आणि साऱ्या गावाच्या वतीने देवाकडे मागणं मागायचं. तो एकेक वाक्य बोलतो, आणि गाव प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतं. थोरल्या भावाच्या पश्चात हे काम हरीदादाकडे आलं. गेल्या शिमग्याला तो नारळ धरून उभा राहिला, ‘बा देवा’ म्हणाला, आणि पुढे शब्दच फुटेना. शेवटी वरच्या वाडीतल्या काशीरामने पुढे होऊन गाऱ्हाणं पुरं केलं. काशीरामचा आवाज चांगला आहे, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक आहे.

दिवाळीनंतर गुरव भागोजी घरी येऊन सांगून गेला, की गावकीचं ठरलंय. या शिमग्यालाही दादाची वाचा बसली, तर मान कायमचा काशीरामच्या घरी जाईल. भागोजी गेल्यावर दादा मागच्या पडवीत बसून रडला. मी ते पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं.

विमानांचं खूळ आणलं त्याच्या मुलीने, शमिकाने. ती मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरवर खोटी विमानं उडवते. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून अशी विमानं उडवतात आणि इंटरनेटवर एकाच आभाळात भेटतात. त्यांची टक्कर होऊ नये म्हणून आणखी काही माणसं आपापल्या घरी बसून टॉवरवरून त्यांना परवानग्या देतात. पगार कुणालाच नाही. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शमिकाच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. तिचं म्हणणं, तिथे वाक्यं ठरलेली असतात, समोर माणूस दिसत नाही, बाबांची जीभ सुटेल. शिवाय माणसं वरखाली करण्याचा अनुभव तर दादाला होताच.

दादा दुसऱ्या खेपेला त्यांच्या परीक्षेत पास झाला आणि त्याला रत्नागिरीचा टॉवर मिळाला. मिळाला म्हणजे, तो दुसऱ्या कुणाला नकोच होता. रविवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, डोक्यावर टोपी आणि टोपीवर हेडफोन चढवून तो बसायचा. विमान काही फिरकायचं नाही. तरी दादा लघवीला जाताना शमिकाला खुर्चीवर बसवून जायचा.

पहिलं विमान आलं ते पोलंडच्या एका माणसाचं. त्याने उतरायची परवानगी मागितली. ती द्यायची सोडून दादाने आपल्या मुंबईच्या इंग्रजीत आधी चौकशी केली, की तू कुणाचा, गाव कुठलं, करतोस काय. तो निघाला दातांचा डॉक्टर, आणि दादाची दाढ दुखत होती. दाढेचं बोलणं संपेपर्यंत विमान गुहागरच्याही पुढे गेलं आणि तेल संपून समुद्रात पडलं. दादाने हेडफोन काढला, विहिरीवर जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि त्या दिवशी घरात चूल पेटू दिली नाही. चूल म्हणजे गॅस. तो डॉक्टर स्वतः मेसेज पाठवून कळवत होता, की मी खुशाल आहे, तुम्ही दाढ काढून घ्या. पण दादाचं एकच, पडलं ते पडलं. मीही त्या दिवशी उपाशी राहिलो.

त्यानंतर तो नियमाबाहेर एक अक्षर बोलेना. टॉवरचा नियम असा, की दिलेली परवानगी वैमानिकाने शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायची. त्याला ते लोक रीडबॅक म्हणतात. नुसतं ‘हो’ चालत नाही, कारण हो म्हणणाऱ्याने नेमकं काय ऐकलं ते कळत नाही. दादाला हा नियम इतका पटला, की तो घरातही लागू झाला. एकदा त्याने मला येताना मीठ आणायला सांगितलं आणि मी ‘बरं’ म्हटलं, तर तो उंबऱ्यात आडवा उभा राहिला. ‘येताना मीठ आणतो’ असं पुरं म्हटल्यावर त्याने मला बाहेर सोडलं. पण बोटं दाखवणारा माणूस आता वाक्यं बोलत होता, हे मला कबूल करावंच लागेल.

मग कुकरचं झालं. कुकरची शिट्टी माइकमधून गेली आणि नागपूरच्या एका वैमानिकाला वाटलं, टॉवरला आग लागली. त्याने टेकत आलेलं विमान पुन्हा वर घेतलं. तेव्हापासून विमान जमिनीला टेकल्याशिवाय आमच्याकडे कुकर चढत नाही. रविवारी दुपारी वहिनी दारातून विचारतात, “उतरलं काय? भात लावू?” आणि भिंतीपलीकडे मी कान देऊन बसतो.

शिमगा आला. पालखी सहाणेवर बसली, ढोल थांबले, भागोजीने दादाच्या हातात नारळ दिला. दादा ‘बा देवा’ म्हणाला आणि थांबला. सारं गाव समोर, चाकरमानी मोबाइल वर धरून उभे. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. काशीरामने घसा साफ केला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून वहिनी बाहेर आल्या. पदराखालून त्यांनी हेडफोन काढला आणि सरळ जाऊन दादाच्या टोपीवर चढवला. वायर खाली लोंबकळत होती, कशालाच जोडलेली नव्हती. पोरं फिदीफिदी हसली. दादाने माइक ओठांपुढे ओढला, आणि आवाज फुटला.

“बा देवा म्हाराजा, रत्नागिरी टॉवर. आज समदा गाव तुज्या पायाशी गोळा झालाय.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणालं.

“रीडबॅक बरोबर न्हाय,” दादा म्हणाला. “समदा वाक्य बोला.”

गाव एकमेकांकडे बघायला लागलं. शमिकाने पुढे येऊन सांगितलं, की बाबा म्हणतात ते जसंच्या तसं परत म्हणायचं. आधी भागोजीने म्हटलं, मग त्याच्यामागून साऱ्यांनी. लेकराबाळांना सुखी ठेव. मुंबईला गेलेल्यांना सुखरूप ठेव. काजूला मोहर धरू दे. कुणी अडखळलं, की दादा पुन्हा म्हणायला लावायचा. गाऱ्हाणं इतकं लांबलं, की ढोलवाले खाली बसले. आपण दर साली गुरांसाठीही मागतो, हे मला तर त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आमच्या गाऱ्हाण्याचं शेवटचं वाक्य पिढ्यान् पिढ्या तेच आहे. दादा म्हणाला, “ज्येचा मान त्येच्या घरी ऱ्हाऊ दे, म्हाराजा.” गावाने ते परत म्हटलं. पालखी उचलायला पोरं वाकली, पण दादाने हात वर केला.

“वरची वाडी,” तो म्हणाला, “रीडबॅक आला न्हाय.”

वरच्या वाडीतला एकटा काशीराम गप्प होता. सारं गाव त्याच्याकडे वळलं. पोरं वाकलेलीच राहिली. काशीरामने वर बघितलं, खाली बघितलं, भागोजीकडे बघितलं. भागोजी नारळाकडे बघत होता. दादा माइकला हात लावून शांत उभा होता, त्याला काही घाई नव्हती.

“ज्येचा मान,” काशीराम म्हणाला, “त्येच्या घरी ऱ्हाऊ दे, म्हाराजा.”

“बरोबर,” दादा म्हणाला, आणि पालखी उठली.

वहिनी डोळे पुसत होत्या. मीही पुसले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. दादा हेडफोनसकट पालखीच्या पुढे चालायला लागला आणि ढोल पुन्हा सुरू झाले. पालखी घरोघर फिरणार, म्हणजे अंधार पडणार होता. मी वहिनींना हळूच विचारलं, की भाताचं काय.

“पालखी उतरली का लावायचा,” त्या म्हणाल्या.

“बरं,” मी म्हटलं. वहिनी जागच्या हलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“पालखी उतरली का भात लावायचा,” मी म्हटलं. तेव्हा कुठे त्या वाटेतून बाजूला झाल्या.