पास्कलकाकांची दोन कपाटं

हातात नवी कादंबरी आली की पास्कलकाका आधी टेबलाच्या खणातून एक बोथट सुरी काढायचे. त्या काळी काही पुस्तकं पानं जोडलेलीच यायची. वाचणाऱ्याने ती कापायची. काका एकेक पान कापत, वाचत, पुन्हा कापत शेवटापर्यंत जायचे आणि मगच उठून पुस्तक कपाटात लावायचे. बोरिवलीचं आमचं वाचनालय पिठाच्या गिरणीवर होतं. सगळ्या पुस्तकांवर पिठाची पूड, आणि काकांच्या भुवयांवरही.

साठच्या दशकात मी तिथे मदतनीस म्हणून लागले, तेव्हा ते पन्नाशीचे असतील. गावठाणातलं ख्रिस्ती घर, बायको कधीच वारलेली. कादंबऱ्यांची दोन कपाटं शेजारीशेजारी होती, ‘प्रेमकथा’ आणि ‘अद्भुत’, आणि त्यांवरून आमचं रोज वाजायचं. एका कादंबरीत गिरणीमालकाची मुलगी टायपिस्टशी लग्न करते आणि बाप हसतहसत बंगला देतो. काकांनी ती अद्भुतमध्ये लावली. मी म्हटलं, “काका, ही प्रेमकथा आहे!”

“असा बाप तू मला दाखव बाय, मी पुस्तक परत काढतो.”

दुसऱ्या एकीत यक्षीण एका मास्तराशी संसार मांडते आणि तीस वर्षं पाण्याच्या हंड्यावरून त्याच्याशी भांडते. ती मात्र प्रेमकथा. “भांडतात, पण सोडून जात नाय. मग?” मी जास्तच चिडायचे. घाईने एखादं पुस्तक मी लावलंच, तर ते काढून माझ्यापुढे आपटायचे. “शेवट वाचल्याबिगर कपाट नाय!”

त्यांचा एकुलता एक मुलगा आल्बर्ट मी लागायच्या आधीच मासेमारीला गेलेला परत आला नव्हता. होडीवर चौघे होते. तिघांची प्रेतं मिळाली, आल्बर्टचं नाही. घरात उरले काका आणि सून रेजिना, जेमतेम चोविशीची. रोज तिसरं ताट वाढलं जायचं. जेवण झालं की ती ते तसंच उचलायची. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला थांबले होते, तेव्हा मला चौथं ताट वाढलं.

चार वर्षं अशी गेली. मग वसईहून एका विधुराचं स्थळ आलं. माणूस चांगला होता. पाद्रीबाबांचं म्हणणं एवढंच, की मुलगा गेला असं बापाने लिहून द्यावं. काका लिहून देईनात. रेजिना मागेना.

तेवढ्यात वाचनालयात एक नवी कादंबरी आली. तिचा अर्धा भाग रेजिनाने मासिकात वाचला होता आणि मग मासिकच बंद पडलं होतं. समुद्रात हरवलेला नवरा सात वर्षांनी दारात उभा राहतो. तो खरोखर जिवंत परतलेला माणूस आहे की त्याचं भूत, ते शेवटी कळणार होतं. रेजिना वर आली. पुस्तकाला तिने हातसुद्धा लावला नाही.

“बाबा, तुम्ही वाचा. कुठल्या कपाटात लावता, तेवढं सांगा. त्यावर मी काय ते ठरवीन.”

असलं काही कपाटावर ठरवतात का, असं मी म्हणणार होते. पण काकांनी पुस्तक आणि सुरी पिशवीत घातलीसुद्धा.

चार दिवस पुस्तक त्यांच्या घरी होतं. पाचव्या दिवशी त्यांनी रेजिनाला बोलावलं, स्टुलावर चढले आणि अद्भुतच्या सगळ्यात वरच्या खणात, मागच्या रांगेत ते सरकवलं. “भूतच निघाला,” म्हणाले. खाली उतरून त्यांनी माझ्याकडून कोरा कागद घेतला आणि पाद्रीबाबांना लिहून दिलं.

त्या दिवसापासून घरात दोन ताटं वाढली जाऊ लागली. दोन महिन्यांनी रेजिना वसईला गेली आणि एकच उरलं. ते पुस्तक कुणी मागितलं की काका सरळ “बाहेर गेलंय” म्हणायचे. त्यांना ते नजरेसमोर नको असेल, असं मी धरून चालले. कपाटांवरून आमचं भांडणही थांबलं. मी मुद्दाम चुकीचं लावलं, तरी ते काही बोलायचे नाहीत. मला त्याचा फार त्रास व्हायचा.

आठ वर्षांनी काका गेले. छातीत कळ आली आणि संपलं. मातीला रेजिना आली होती, सोबत सहा वर्षांची मुलगी. दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन वाचनालयात आली.

“ते पुस्तक आहे का गं अजून? आता वाचवेल असं वाटतं.”

मी स्टुलावर चढले. पिठाखालून पुस्तक काढलं आणि कपाटाच्या दाराआड उघडून पाहिलं. नवरा दारात येतो, तिथपर्यंतची पानं कापलेली होती. पुढचं एकही पान कापलेलं नव्हतं.

सुरी खाली टेबलाच्या खणातच होती. मुलगी रेजिनाचा पदर ओढत होती.

“शेवटची पानं वाळवीने खाल्लीत गं,” मी वरूनच म्हटलं.

“मग राहू दे. बाबांनी वाचला होता ना शेवट?”

“हो,” मी म्हटलं, आणि पुस्तक पुन्हा अद्भुतमध्येच ठेवलं.